ते घरी आहे

माझ्या बायकोच्या लग्नाआधीच्या एकाही फोटोत तिचे डोळे उघडे नाहीत. हसली की तिचे डोळे आपोआप मिटायचे, आणि ती सारखी हसायची. वसईत पापडीजवळच्या तिच्या माहेरच्या वाडीत केळी होती, विड्याच्या पानांचे वेल होते, मोगरा होता, आणि घरात इतकी बोलकी माणसं होती की हसायला वेगळं कारण लागत नसे. लग्न होऊन ती आचोळ्याला आमच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हाही सुरुवातीला तशीच होती. मी तिला नेहमी म्हणायचो, "जरा डोळे उघडे ठेवत जा ना. तुझा एक फोटो धड येत नाही."

हे मी गमतीने म्हणत होतो असं मला बरीच वर्षं वाटायचं.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. खांद्यावर घ्यायचा मोठा व्हीएचएस कॅमेरा, दुसऱ्या हातात किंवा सोबतच्या माणसाकडे हॅलोजनचा दिवा. वसईत तेव्हा कामाची कमी नव्हती. आज पापडीच्या चर्चमध्ये लग्न, उद्या नालासोपाऱ्याच्या हॉलमध्ये. दोन्हीकडे मला एक गोष्ट सारखीच दिसायची. हॅलोजनचा झोत तोंडावर आला की नवरी थिजायची. पांढऱ्या झग्यातली असो की शालूतली, तिची पापणी हलायची थांबायची आणि ती कोणीतरी बनवून तिथे आणून ठेवल्यासारखी दिसायची. माझ्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र काळंपांढरं दिसत असे. रबराच्या वाटीला डोळा लावला की बाकीचं लग्न नाहीसं व्हायचं, आणि एक राखाडी बाई न हलता माझ्याकडे बघत राहायची. मला ते आवडायचं. हेही आधीच सांगून टाकलेलं बरं.

स्टेशनजवळच्या व्हिडिओ लायब्ररीतून मी त्या काळात इंग्रजी विज्ञानपट आणायचो. इंग्रजी अर्धंच कळायचं, पण गोष्ट कळायची. माणूस यंत्र बनवतो, यंत्र बाईसारखं दिसतं, माणूस तिच्यात गुंतत जातो. अशा प्रत्येक सिनेमात एक क्षण असतो. त्याच्या आधी त्या माणसाच्या समोर एक वस्तू असते आणि त्याच्यानंतर एक बाई असते. तो क्षण दाखवायला ते लोक केवढा खर्च करत, डोळ्यांत दिवे लावत, संगीत वाढवत. मला वाटलं, आपल्याला एवढं काही लागणारच नाही. आपल्या भाषेत तो क्षण एका अक्षरात आहे. आधी 'ते', मग 'ती'.

यावर मी फिल्म करायची ठरवली.

गोष्ट साधी होती. आचोळ्यातल्या एका फ्लॅटमध्ये एकटा राहणारा माणूस घरकामासाठी आणि सोबतीसाठी एक यंत्र बनवतो. सगळी फिल्मभर तो त्याला 'ते' म्हणतो. "ते चहा करतं." "ते थकत नाही." यंत्राची पापणी कधी लवत नाही. शेवटी समुद्रावर तो पहिल्यांदा 'ती' म्हणतो आणि ती पापणी लववते. संपलं. नायकाला नट मिळेना, म्हणून मी नायक दाखवायचाच नाही असं ठरवलं. कॅमेरा म्हणजेच त्याचे डोळे. आवाज माझा. यंत्र मात्र दिसायला हवं होतं, आणि ते माझ्या घरात होतं.

बायकोला आधी हसू आलं. "मी? मशीन? अहो, मला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही."

"तेच तर शिकायचंय," मी म्हणालो.

चंदेरी कागद वगैरे काही लावलं नाही. साधी फिकट सुती साडी, केस घट्ट बांधलेले, आणि कानामागून मानेवर उतरणारी माइकची एक काळी वायर, चिकटपट्टीने लावलेली. बस. आणि तिच्यासाठी मी एक बोली तयार केली. यंत्र स्वतःबद्दलही बाईसारखं बोलणार नाही. "मी आले" नाही, "मी आलं". "मी दमले नाही" नाही, "मी दमलं नाही". शाळेत बाईंनी कान पकडला असता, पण ऐकायला ते विचित्र वाटायचं. शब्द सगळे ओळखीचे आणि बोलणारं कोणीतरी अनोळखी.

मग पापणीचा सराव सुरू झाला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, टँकरच्या पाण्यासाठी खाली रांगेत उभी असताना ती सराव करायची. डोळ्यांतून पाणी यायचं. मी तिला सांगितलं, येऊ दे, पुसू नकोस. व्ह्यूफाइंडरमध्ये ते पाणी पाऱ्यासारखं दिसायचं.

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे माझी आई. आई मालवणकडची. वडील गेल्यावर गावचं घर बंद करून माझ्याकडे आली होती, पण बोलणं गावचंच राहिलं होतं. सराव सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "आई मला 'ते' का म्हणतात?"

मला लगेच कळलं नाही.

"सकाळी तुम्हाला विचारत होत्या, 'तां उठलां काय?' शेजारच्या काकूंना सांगत होत्या, 'तां अजून जेवूक नाय.' तां म्हणजे ते ना? आमच्याकडे ते कोंबडीच्या पिल्लाला म्हणतात. वासराला म्हणतात. मी काय आहे?"

आता इथे मला जे सांगायला हवं होतं ते एका वाक्याचं होतं. आमच्या मालवणीत मुलीला चेडू म्हणतात. ते चेडू. म्हणून घरातल्या लाडक्या मुलीला कोणी 'ती' म्हणत नाही, 'तां' म्हणतात. सुनेला सहसा 'ती'च म्हणतात. आईने हिला आल्या आल्या 'तां' म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे पोटच्या मुलीच्या जागी बसवलं होतं. एवढंच.

पण विचारताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मला महिनाभर सराव करून मिळाली नव्हती. ती दुखावली होती, पण आपण दुखावलोय हे दाखवावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. त्यामुळे तिचा चेहरा पूर्ण कोरा झाला होता. पापणी हलत नव्हती.

मी म्हणालो, "आमच्याकडे सुनेला असंच म्हणतात. आपलं म्हणेपर्यंत."

"आणि मग?"

"मग 'ती' म्हणतात."

तिने मान हलवली. मी कॅमेरा आणायला गेलो.

त्यानंतर ती 'ती' होण्यासाठी कामाला लागली. वाडीत वाढलेली मुलगी, ती माझ्या आईकडून पेज शिकली, तिरफळं घालून बांगड्याची आमटी शिकली, तिने आईचे पाय चेपले, तिच्या गावच्या गोष्टी ऐकल्या. आई अधिकाधिक खूश होत गेली आणि जितकी खूश झाली तितकं घरात 'तां' वाढत गेलं. "तेका आधी वाढ रे, तां दमलां आसतलां." "तां नसला तर माझा काय खरा नाय." दर वेळी मी बायकोच्या तोंडाकडे बघायचो. एकदा आई वरच्या मजल्यावरच्या बाईवर चिडून म्हणाली, "ती वयली! तिका जरासुद्धा लाज नाय!" तेव्हा बायको माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांना बघा, 'ती' म्हणाल्या."

तिच्या आवाजात हेवा होता. मी ऐकून घेतलं.

मीही घरात तिला 'ते' म्हणायला लागलो. नाव होतं सरावाचं. "ते जेवलं का?" ती म्हणायची, "मी जेवलं." आधी आम्ही दोघे हसायचो. मग मी एकटाच हसायचो. मग कोणीच हसेना आणि ते आमचं बोलणंच होऊन बसलं. मी कामावरून यायचो तेव्हा ती बंद टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. काचेत तिची सावली दिसायची. कधी मला सावलीचे डोळे माझ्याकडे वळलेले दिसायचे आणि तिचे समोर असायचे. "काय करतेस?" विचारलं तर उत्तर येत नसे. "ते काय करतंय?" विचारलं की लगेच उत्तर यायचं. "ते वाट बघतंय."

या काळात मी प्रेमात पडलो होतो, आणि हे लिहिणं सगळ्यात अवघड आहे. दुपारी आई झोपली की मी शूट केलेल्या टेप घरातल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर लावून बसायचो. चित्र पॉज करायचो. पॉज केलेल्या व्हीएचएसवर एक थरथरणारी रेघ वरखाली होत राहते. त्या रेघेमागून ती राखाडी बाई माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचं, हिला मी कळतो. मी तिच्याशी बोलायचो. कामाचं, लोक पैसे बुडवतात त्याचं, वडिलांचं. आत स्वयंपाकघरात भांडं वाजलं तर मला राग यायचा. जिच्या चेहऱ्यासमोर मी बसलो होतो तीच आत भांडी घासत होती आणि तिच्या आवाजाचा मला अडथळा होत होता.

एकदा मागे वळलो तर ती दारात उभी होती. किती वेळ कोण जाणे. हातांना साबण होता.

"त्या टीव्हीतलीला तुम्ही 'ती' म्हणता," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता म्हणालात. 'ती किती शांत आहे' म्हणालात."

शेवटचं दृश्य राजोडीच्या किनाऱ्यावर घ्यायचं होतं. सुरूच्या झाडांतून ती चालत येते, वाळूवर थांबते, माझा आवाज येतो, "ती आली," आणि पापणी लवते. आम्ही सकाळीच रिक्षाने गेलो. बाजूला एक कोळीण बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मी टेकवर टेक घेत होतो. बायको चालत यायची, थांबायची, मी "ती आली" म्हणायचो आणि ती डोळे मिटून उघडायची. नाटकातल्यासारखं. बटण दाबल्यासारखं. इतके महिने मी जे शिकवलं होतं ते इतकं पक्कं बसलं होतं की पापणीसुद्धा आता यंत्राची लवत होती.

ऊन चढलं. मी ओरडायला लागलो. शेवटी कोळणीला राहवलं नाही. "ओ भाऊ! तिला पानी पाजा आधी. काय चाललंय काय? बाई हाय का बाहुली हाय ती?"

बायकोने कोळणीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बघा," ती म्हणाली, "परकी बाईसुद्धा 'तिला' म्हणते. तुमच्या फिल्ममध्ये तुम्ही 'ती' म्हणता ते मला खोटं वाटतं. आई म्हणतील तेव्हा होईल मला. त्याआधी नाही होणार."

मी कॅमेरा बंद केला. परत येताना रिक्षात मी विचार करत होतो तो तिचा नव्हता. आईकडून कसं म्हणवून घ्यावं, हा विचार करत होतो.

मला काही करावं लागलं नाही. आई आपणच घाबरायला लागली होती. आधी ती नुसतं म्हणायची, "तेका बरा नाय काय रे? तां हल्ली बोलना नाय." मग पदराने डोळे पुसत माझ्याजवळ येऊन बसायला लागली. एक दिवस आई देवासमोर बसली होती. निरांजन लावून तिने मागे पाहिलं तर सून भिंतीला टेकून उभी होती, कानामागची काळी वायर अजून तशीच. शूटिंग करून आलो होतो, काढायची राहिली होती. ती आईकडे बघत होती. आईने हाक मारली, ती हलली नाही. आईने पुन्हा हाक मारली. ती म्हणाली, "मी ऐकतंय." पापणी लवली नाही.

आईच्या हातातली काडेपेटी खाली पडली. आई तशीच उठून माझ्याकडे आली आणि माझा दंड धरला.

"सांग तिका," आई म्हणाली. "माझ्याकडे असा बघू नको म्हणान सांग तिका. माका भिया वाटता. कोण ती? आमचां तां खंय गेलां?"

आईने पहिल्यांदा 'ती' म्हटलं होतं. ओळख तुटली होती म्हणून म्हटलं होतं. भीतीने म्हटलं होतं. पण बायकोच्या कानापर्यंत तेवढाच शब्द पोचला. तिका. ती.

मी तिचा चेहरा बघितला. आधी काहीच झालं नाही. मग पापणी अगदी सावकाश खाली आली, जशी झोपेतून उठलेल्या बाळाची येते, आणि वर गेली तेव्हा आत कोणीतरी परत आलं होतं. ती हसली. डोळे पूर्ण मिटून, माहेरच्या फोटोंतल्यासारखी. ती पुढे आली आणि आईच्या पाया पडली. आई पाय मागे घेत माझ्यामागे लपली.

"ह्यां काय नाटक?" आई पुटपुटली.

दोघींच्या मधे मी उभा होतो. दोन्ही भाषा मलाच येत होत्या. आणि माझ्या मनात आलं ते हे: हाच शॉट.

दुसऱ्या दिवशी राजोडीला तो शॉट पहिल्या टेकमध्ये मिळाला.

फिल्म आमच्या बिल्डिंगच्या सोसायटीच्या गणपतीत दाखवली. कंपाउंडमध्ये टेबलावर मोठा टीव्ही, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. लोकांनी आधी खूप हसून घेतलं.

"वहिनींच्या डोळ्यांना गोंद लावला काय हो?"

"आमच्याकडेपण असं एक मशीन पाठवा, वहिनी. बोलणारं नको!"

"मशीन पाठवलं तरी तुमचे मोजे उचलायला नाही म्हणेल ते," त्या गृहस्थांची बायको म्हणाली आणि सगळी बायकांची बाजू हसली.

पण हळूहळू हसणं थांबलं. पुढे बसलेली लहान मुलं सरकून आयांजवळ जाऊन बसली. कोणीतरी म्हणालं, हे बंद करा, पोरं घाबरतील. बंद कोणी केलं नाही. माझ्या शेजारी बायको बसली होती आणि तिच्यापलीकडे आई. आई त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नव्हती. बायको मात्र खुशीत होती, आई गप्प असतात ते वयामुळे असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

शेवट आला. सुरूची झाडं, वाळू, माझा आवाज. पडद्यावर पापणी खाली आली, वर गेली, आणि ती हसली.

अख्ख्या कंपाउंडने एकदम मोकळा श्वास सोडल्यासारखं झालं. आणि आई रडायला लागली. तिला तिची मुलगी सापडली होती. तिने बायकोचा हात धरून हलवला आणि टीव्हीकडे बोट दाखवून मोठ्याने मला म्हणाली, "तां बघ रे! आमचां तां! परत इलां!"

टाळ्या वाजत होत्या. बायकोने आपला हात आईच्या हातातून काढून घेतला नाही. नुसता तो सैल झाला. ती माझ्याकडे वळली. एवढं करून, तिच्या नजरेत होतं, एवढं सगळं करून मी पुन्हा तेच? मला फक्त तिच्या कानाशी वाकायचं होतं. अगं, ते प्रेमाचं आहे. एवढे शब्द. पण कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणी पेढा तोंडात घातला, आणि मी उठून हात जोडून उभा राहिलो. बसलो तेव्हा तिची जागा रिकामी होती.

वर गेलो तर तिने वायर शोधून काढली होती आणि आरशासमोर ती पुन्हा कानामागे चिकटवत होती. मी ती ओढून काढली. तिने काढू दिली. "वायर नसली तरी चालतं," ती म्हणाली.

मग वर्षं गेली. घरात भांडण नाही, आवाज नाही. आईशी बायको त्या बोलीतच बोलायला लागली. "आई, मी आलं." "आई, मी बसलं इथे." आणि आईला त्याचा आनंदच झाला. आमच्या गावच्या पोरी स्वतःबद्दल असंच काहीसं बोलतात. आईला वाटलं, ही आपली भाषा शिकली. शेजारणींना ती अभिमानाने सांगायची, "आमच्यासारखा बोलाक शिकलां तां." दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की आई तिच्या केसांना तेल लावायची आणि ती आईच्या गुडघ्यांना. एकाच शब्दात आई तिला मुलगी म्हणत होती आणि ती स्वतःला वस्तू म्हणवून घेत होती. एकदा तिने मला सांगितलं, "मी काय आहे ते मला कळलंय. आता त्रास होत नाही." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मला टेपमधला आवाज आठवला.

तेव्हाही मी बोललो नाही. बोललो असतो तर आधी मी का खोटं बोललो तेही सांगावं लागलं असतं. शिवाय घर शांत होतं. शांत घराची सवय लागते.

आईच्या छातीत पाणी झालं तेव्हा तिला वसईच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. बायको दिवसरात्र तिथेच. मी डबा घेऊन जायचो. शेवटच्या दिवसांत आईला दिसत कमी होतं. बायको पाणी आणायला बाहेर गेली तरी आई हाताने चाचपडत विचारायची, "तां खंय? तां खंय गेलां?"

एका दुपारी मी डबा घेऊन दारात पोचलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण बायकोशी बोलत होती. बाई मालवणकडची होती हे पहिल्या शब्दालाच कळत होतं.

"नशीबवान गो तू," ती म्हणत होती. "सासू 'तां' म्हणता तुका. माझ्या सासूने मरेपर्यंत माका 'ती'च म्हटलान. एकदा तरी चुकान 'तां' म्हणात, म्हणान मी किती केलंय तिचा."

बायको म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे काय? अगो, 'तां' लाडक्या चेडवाक म्हणतत. पोटच्या. सुनेक कोण म्हणता? घोवान सांगूक नाय काय तुका कधी?" बाई हसली. "हे बापये म्हणजे!"

बायकोने वळून दाराकडे बघितलं. माझ्या हातात डबा होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं आणि तिला मी बोलायला नकोच होतं. ती नुसती बघत राहिली. पापणी लवली नाही, पण हे शिकवलेलं नव्हतं. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती नजर मी तिला दिली. ते खरं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, जसा मी तिच्याकडे बघत आलो होतो.

मग ती आईच्या खाटेकडे गेली, वाकली, आणि आईच्या कानाशी म्हणाली, "आई, मी आलं."

"इलां?" आई म्हणाली. "बस."

ती आईच्या उशाशी बसली आणि रडली. तिचे डोळे मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. मी दारातच उभा राहिलो. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही, पण जितके राहिली तितके त्या दोघींचे होते, आणि त्यात कोणताच शब्द चुकत नव्हता.

मी नंतर माफी मागितली. एकदा नाही, अनेकदा. ती ऐकून घेते. ती सोडून गेली नाही, अबोलाही धरला नाही. माहेरच्या माणसांत ती हसते, मोठ्याने बोलते, "मी आले गं" म्हणते. फोटोंत पुन्हा डोळे मिटलेले येतात. टेपला बुरशी लागली होती, ती मी फेकून दिली. तिने विचारलंही नाही.

फक्त एक गोष्ट आहे आणि ती कोणाला सांगितली तर हसतील, म्हणून इथे लिहितो. आमच्याकडच्या बायकांसारखी तीही नवऱ्याचं नाव घेत नाही. 'ते' म्हणते. ते आले, ते जेवले, ते झोपले आहेत. आदराचं 'ते'. लग्नापासून तसंच चालू होतं. कोणी विचारलं तर मीही सांगितलं असतं, माझी बायको मला मान देते.

आई गेल्यावर काही दिवसांनी फोन वाजला. मी आतल्या बाजूला दाढी करत होतो. तिने उचलला. पलीकडे कोणीतरी लग्नाच्या शूटिंगसाठी मला विचारत होतं. आरशात ती दिसत होती, फोनची वायर तिच्या कानाजवळून खाली उतरलेली.

"हो," ती म्हणाली. "ते घरी आहे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. 'आहेत'मधला शेवटचा त कधी कधी ऐकू येत नाही. मी वस्तरा थांबवून उभा राहिलो.

"नाही, आत्ता ते दाढी करतंय. झालं की बोलेल."

तिने फोन ठेवला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. मी हसायचा प्रयत्न केला. तोंडाला साबण होता, आणि मला जाणवलं की बराच वेळ झाला, माझी पापणी लवलेली नाही.

तेव्हापासून घरात फोन वाजला की मी हातातलं काम थांबवतो आणि ऐकतो.